कूलंट फक्त थंड मुलखासाठी? खुलासा

काटोल-कळमेश्वरकडच्या संत्राबागांत जुने डिझेल मिनी ट्रॅक्टर चालवणाऱ्यांचा एक पक्का समज आहे: कूलंट (इंजिन थंड राखायला रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव्य) बर्फाच्या मुलखातलं, नागपुरात रेडिएटरला बोअरचं पाणी पुरे. हे साफ चूक आहे. निम्मं कूलंट मिसळलं की पाण्याचा उत्कलनबिंदू 100 अंशांवरून सहा-सात अंश वर जातो. मे महिन्यात पारा 45 गाठतो तेव्हा तेवढंही मोलाचं.

खरा घात मात्र क्षार आणि गंज करतात. रेडिएटरचं झाकण उघडून (इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच!) तोंडाशी बोट फिरवा, पांढरी पापडी, तांबूस गाळ हाताला लागेल. हाच थर वॉटर जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत) उष्णता अडवतो, इंजिन तापतं, मग हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) जातं. डिस्टिल्ड वॉटरने क्षार टळतात, कूलंटमधल्या गंजरोधक द्रव्यांनी गंज. म्हणून बोअरचं पाणी काढून टाका, रेडिएटर धुऊन निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण भरा.