रंग नव्हते म्हणून नव्हे!

जुन्या कृष्णधवल प्रेम-विनोदी चित्रपटांबद्दल एक समज पक्का बसलाय: तेव्हा रंगीत चित्रीकरण नव्हतंच, म्हणून बिचाऱ्यांनी काळ्या-पांढऱ्यावर भागवलं. हे खरं नाही.

टेक्निकलर कंपनीच्या, तीन फिल्म-पट्ट्या वापरणाऱ्या रंगीत पद्धतीने चित्रित झालेला पूर्ण लांबीचा हॉलिवूडपट 1935 मध्येच आला होता. अडचण खर्चाची होती. अवजड कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन निगेटिव्ह फिरत, प्रकाश प्रचंड लागे, आणि कॅमेरा भाड्याने घेतला की कंपनीचे तंत्रज्ञही सोबत येत. दिवाणखान्यातल्या लटक्या भांडणांसाठी एवढा खटाटोप कोण करणार?

सगळ्यात बोलकं उदाहरण 1959 च्या ‘सम लाइक इट हॉट’चं. तोवर रंगीत फिल्म सर्रास मिळत होती. मेरिलिन मन्रोला तर चित्रपट रंगीतच हवा होता. पण चाचणीत स्त्रीवेषातल्या टोनी कर्टिस आणि जॅक लेमन यांच्या जाड मेकअपवर हिरवट झाक दिसली. ती दाखवूनच दिग्दर्शक बिली वाइल्डरने तिला राजी केलं. करड्या छटांत ते सोंग छान खपून गेलं. (रंगात दोघंही भेसूर दिसले असते, असं मला वाटतं.)

त्यामुळे अशा चित्रपटांत संगणकाने नंतर रंग भरले की ‘दिग्दर्शकाची मूळ इच्छा पूर्ण झाली’ हा युक्तिवाद टिकत नाही. प्रकाश, कपडे, भिंती, सगळं करड्यात कसं उतरेल हे बघूनच ठरत असे. आणि चित्र मळकट वाटलं, तर दोष बहुधा झिजलेल्या प्रतीचा असतो. मूळ निगेटिव्हवरून जतन केलेली प्रत शोधून बघा.