सगळे त्रिकोण समद्विभुज असतात, हे घ्या सिद्ध करून!

भूमितीच्या शिक्षकांचा हा एक जुना, खोडसाळ खेळ. फळ्यावर अबक असा कसाही त्रिकोण काढायचा. अ कोनाचा दुभाजक काढायचा, बक बाजूचा लंबदुभाजक काढायचा आणि दोघे त्रिकोणाच्या आत जिथे भेटतात त्या बिंदूला प म्हणायचं. प पासून अब आणि अक या बाजूंवर लंब टाकायचे, ते बाजूंना मिळतात तिथे म आणि न. आता प कोनदुभाजकावर आहे, म्हणून पम = पन आणि त्यावरून अम = अन. प लंबदुभाजकावरही आहे, म्हणून पब = पक. कर्णभुजा कसोटीने पमब आणि पनक हे काटकोन त्रिकोण एकरूप, म्हणजे मब = नक. दोन्हीकडे बेरीज केली की अब = अक. त्रिकोण तर आपण कसाही घेतला होता!

हुशार मुलं एकेक पायरी पुन्हा तपासतात आणि वैतागतात. एकरूपतेच्या कसोट्या बरोबर लावलेल्या असतात, मग गडबड कुठे आहे? ती फळ्यावरच्या आकृतीत आहे. खडूने काढलेला त्रिकोण नेहमी जरा गोंडस असतो, प ‘आत’च भेटावा असं हाताला वाटतं आणि डोळे मान डोलावतात.

चॅटजीपीटी किंवा क्लॉडसारख्या एआय सहायकाचीही भूमितीत अशीच पंचाईत होते. हे कोडं प्रसिद्ध आहे, त्यामुळे त्याचं उत्तर तो वाचून बसलेला असतो. पण तुमच्या मुलीच्या वहीतली कालचीच आकृती त्याने कुठे वाचलेली असणार? मग तो शब्दांवरून शब्दांकडे जातो. ‘दोन रेषा आत भेटतात’ हे वाक्य मराठीत किंवा इंग्रजीत अगदी शोभून दिसतं, आणि प्रत्यक्षात त्या बाहेर भेटत असल्या तरी वाक्याला काही होत नाही. त्याला चुकल्यावर ‘नाही’ म्हणणारं कोणीतरी शेजारी हवं.

जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या रचायचं सॉफ्टवेअर ते काम करू शकतं. मार्कस होहेनवार्टर यांनी 2001 साली ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधासाठी ते सुरू केलं. दहावीच्या भूमितीच्या पुस्तकामुळे आपल्याकडच्या मुलांनाही हे नाव माहीत असतं, वापरलेलं असतंच असं नाही. त्यात आकृती रंगवायची नसते, रचायची असते. अ, ब, क हे बिंदू मोकळे, कुठेही सरकवता येणारे. दुभाजक त्यांच्यावर अवलंबून, प त्या दुभाजकावर अवलंबून. अ सरकवला की सगळं गोत्र त्याच्या मागे सरकतं. जिओजेब्राला आत-बाहेर काय शोभतं याची काहीच पडलेली नसते.

आता सहायक आणि जिओजेब्रा यांची जोडणी. जिओजेब्राला बाहेरच्या प्रोग्रॅमकडून आज्ञा घेण्याची सोय पूर्वीपासून आहे: ब्राउझरमधल्या आकृतीला जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतून एका ओळीची आज्ञा पाठवता येते, एखाद्या लांबीची किंमत विचारता येते, आकृतीचं चित्र मागवता येतं. कमतरता होती ती समोरच्या बाजूला. प्रत्येक सहायकासाठी वेगळी तार ओढावी लागायची. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाचा खुला नियमसंच जाहीर केला, आणि पुढे तिच्या स्पर्धकांनीही तो स्वीकारला. भिंतीतला प्लग आणि सॉकेट एकाच मापाचे असावेत, तसा हा प्रकार. सहायक आणि जिओजेब्रा यांच्या मधला एक छोटा प्रोग्रॅम सहायकाला आपली यादी सांगतो: मी आज्ञा चालवू शकतो, किंमत वाचू शकतो, चित्र देऊ शकतो. सहायक विनंती लिहितो, मधला प्रोग्रॅम ती जिओजेब्राकडून करवून घेतो आणि आलेलं उत्तर परत त्याच्यासमोर ठेवतो. ते वाचून तो पुढची विनंती लिहितो.

आपला त्रिकोण या जोडीला देऊ. अ (2, 4), ब (0, 0), क (6, 0). तुम्ही मराठीत सांगता, सहायक त्याच्या इंग्रजी आज्ञा करतो. (निदान तीन बिंदू आणि दोन रेषांसाठी इंग्रजी मेनू धुंडाळायची कटकट संपली, हे माझ्या मते या जोडणीचं सगळ्यात रोकडं सुख.) कोनदुभाजक झाला, लंबदुभाजक झाला, छेदनबिंदू विचारला. उत्तर येतं: प (3, −2.16). म्हणजे बक च्या खाली, त्रिकोणाच्या बाहेर! अ कितीही हलवा, प बाहेरच राहतो, कारण तो नेहमी परिवर्तुळावर, बक च्या पलीकडच्या कंसाच्या मधोमध पडतो. अम आणि अन दोन्ही 5.06 भरतात, सिद्धता सांगते तसेच सारखे. मात्र अब आहे 4.47 आणि अक 5.66. म्हणजे म हा बिंदू ब ओलांडून 0.59 पुढे गेलाय आणि न हा क च्या 0.59 अलीकडे थांबलाय. मब आणि नक खरोखर सारखे आहेत, पण एकीकडे बेरीज करायची होती आणि दुसरीकडे वजाबाकी. सगळा घोटाळा तेवढाच.

जोडणी केली म्हणून सहायक शहाणा होतो असं नाही. त्याची एक खोड सांभाळावी लागते: आज्ञेने रचना करण्याऐवजी तो मनातल्या मनात निर्देशांक काढतो आणि बिंदू तयारच आणून चिकटवतो. आकृती देखणी दिसते. अ ओढला की प जागच्या जागी आणि रेषा भलतीकडे. म्हणून त्याने काही काढून दिलं की आधी एक कोपरा धरून ओढायचा. दुसरी खोड दोन उत्तरांची. रेषा आणि वर्तुळ दोन ठिकाणी छेदतात, दोन रेषांचे कोनदुभाजकही दोन असतात, आणि तो नको तो उचलतो. त्यात भर म्हणजे साध्या आज्ञेला जिओजेब्राकडून ‘जमलं’ किंवा ‘नाही जमलं’ एवढंच उत्तर जातं. का नाही जमलं ते कळत नाही. मधला प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने प्रत्येक पावलानंतर आकृतीतल्या सगळ्या घटकांची यादी परत पाठवली, तर सहायकाची बरीच ठेच वाचते.

आणि शंभर त्रिकोण ओढून पाहणं म्हणजे सिद्धता नव्हे, हेही आहेच. जिओजेब्रात ‘प्रूव्ह’ नावाची आज्ञा आहे, ती विधान बीजगणितात नेऊन तपासते आणि खरं, खोटं किंवा ‘सांगता येत नाही’ असं उत्तर देते. सहायकाने सुचवायचं आणि कठोर यंत्राने तपासायचं, ही वाटणी मोठ्या प्रमाणावरही चालली आहे. गुगल डीपमाइंडच्या अल्फाजिओमेट्रीने जानेवारी 2024 मध्ये गणित ऑलिंपियाड स्पर्धेच्या 30 भूमिती प्रश्नांपैकी 25 सोडवले. त्यातलं भाषेचं मॉडेल फक्त ‘इथे एक बिंदू घेऊन बघू’ असं सुचवत होतं, निष्कर्ष काढणारं तर्कयंत्र वेगळं होतं.

पुन्हा आपल्या त्रिकोणाकडे. अ हळूहळू उजवीकडे, (3, 4) कडे सरकवत न्या. अब आणि अक सारखे होत जातात, म आणि ब जवळ येतात, न आणि क सुद्धा. आता बरोबर मध्यावर या, जिथे त्रिकोण खरोखर समद्विभुज आहे आणि खोडसाळ सिद्धतेचा निष्कर्ष एकदाचा खरा ठरतो. दोन्ही दुभाजक एकमेकांवर बसतात, त्यांना एकच एक छेदनबिंदू उरत नाही आणि पडद्यावरून प नाहीसा होतो. सहायक बहुधा म्हणेल की काहीतरी बिघडलं.