सीताफळाचा गर साठवताना

आंब्याचा रस आटवता येतो, स्ट्रॉबेरीचा जॅम होतो. सीताफळाचं तसं नाही. त्याचा गर तापवला की कडवट होतो, वासही उतरतो. म्हणून तर सीताफळ बासुंदीत गर दूध गार झाल्यावरच घालतात. विस्तवाचा मार्ग बंद, तेव्हा उरतो तो फ्रीझर.

अख्खं फळ मात्र फ्रीजमध्ये ढकलू नका. कच्चं सीताफळ थंडीत काळं पडतं आणि नंतर नीट पिकतही नाही. डोळे उघडलेलं, बोटाने दाबलं की हलकेच दबणारं फळ घ्या आणि लगेच कामाला लागा, कारण फळ फोडताच घड्याळ सुरू होतं. पेशी फुटल्या की पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने गरातल्या फिनॉल द्रव्यांवर काम करू लागतं आणि पांढराशुभ्र गर तपकिरी होतो. वाटीभर गराला थोडा लिंबाचा रस लावला तर आम्लामुळे विकर मंदावतं. क जीवनसत्त्वही रंग टिकवायला हातभार लावतं. दुधात घालायचा गर असेल तर लिंबू बेतानेच.

बिया काढायला मिक्सर नको. बिया विषारी असतात, त्या फुटता कामा नयेत. शिवाय मिक्सरमध्ये गरात हवा शिरते, ती वेगळीच. मोठ्या भोकांच्या चाळणीवर गर हाताने हलकेच फिरवा. साल फार खरवडू नका, तिच्यालगतचा गर कचकचीत लागतो.

आता खरा मुद्दा, गोठण्याच्या वेगाचा. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं. फळातलं बरंचसं पाणी उणे 1 ते उणे 5 अंशांच्या दरम्यान गोठतं. हा टप्पा रेंगाळला तर स्फटिक थोडे पण मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. तो झपाट्याने पार पडला तर स्फटिक बारीक राहतात. अमेरिकन संशोधक-उद्योजक क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी कॅनडातल्या लॅब्राडॉरच्या कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठलेले मासे पाहिले, ते नंतर शिजवल्यावरही ताजे लागत. 1920च्या दशकात त्यांनी झटपट गोठवण्याची यंत्रं बनवली, त्यामागे हेच निरीक्षण होतं.

घरी तेवढी थंडी नसते, पण जाडी आपल्या हातात असते. डबाभर गर ठेवला तर मधला भाग तासन्‌तास रेंगाळतो. झिपच्या पिशवीत गर भरून, हवा दाबून काढून बोटभर जाडीची सपाट वडी करा आणि ती फ्रीझरच्या तळाला टेकवून आडवी ठेवा. जाडी दुप्पट झाली तर गोठायला दुपटीहून जास्त वेळ लागतो. एका वेळी एकदोनच पिशव्या ठेवा, नाहीतर फ्रीझरच तापतो.

उणे 18 अंशांना जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ तेवढी थांबते. विकरही पुरतं थांबत नाही, त्यामुळे रंग महिन्यागणिक थोडा थोडा उतरतोच. वीज वारंवार जाते तिथे तो लवकर उतरतो, कारण अर्धवट वितळून पुन्हा गोठताना बारीक स्फटिक मोठे होतात. म्हणून एकदा बाहेर काढलेली पिशवी परत आत ठेवू नका. लागेल तेवढीच वडी आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी गार दुधात कालवा.