खाचदार लेप (सर्फबोर्डाचा)

सर्फबोर्डाच्या तळावर बसवलेला सूक्ष्म रेघांचा, खवल्यांचा किंवा खळग्यांचा थर. पाण्याचा विरोध घटून फळी जास्त वेगाने घसरावी, हा त्याचा हेतू. फळीच्या वरच्या अंगाला चोळतात ते मेण वेगळे. ते पाय सटकू नये म्हणून असते.

खानदेशाला समुद्र नाही, पण या विषयाची निम्मी समज इथल्या शेतात मिळते. विहिरीपासून केळीच्या बागेपर्यंत पाणी नेताना गंजलेल्या बिडाच्या नळात जेवढा दाब वाया जातो तेवढा पीव्हीसी पाइपात जात नाही. नळातला दाब किती घटेल हे काढायच्या हेझन-विल्यम्स सूत्रात पीव्हीसीचा गुणांक 150 धरतात, जुन्या बिडाचा 100 च्या आसपास; गुणांक जास्त तेवढा नळ गुळगुळीत. गुळगुळीत ते चांगले, असा हा सरळ हिशेब. खाचदार लेपाचा दावा मात्र उलटा वाटतो.

तो पूर्ण खोटा नाही. वेगाने जाणाऱ्या फळीलगतच्या पातळ थरात, म्हणजे सीमास्तरात, पाणी भोवऱ्यांनी घुसळत असते. प्रवाहाच्या दिशेने कोरलेल्या बारीक खाचा या भोवऱ्यांना आडवे सरकू देत नाहीत आणि पृष्ठभागापासून थोडे वर उचलून धरतात. अशा खाचांनी घर्षण साधारण 8 टक्क्यांपर्यंत घटते, हे नासाच्या लँग्ली केंद्रातील प्रयोगांनी दाखवले. 1987 च्या अमेरिका कप शर्यतीत जिंकलेल्या ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या नौकेच्या तळाला थ्रीएम कंपनीची अशी खाचदार फिल्म लावली होती.

अडचण मापाची आहे. सेकंदाला 5 मीटर वेगासाठी दोन खाचांमधले अंतर सुमारे 0.08 मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीइतके लागते. सेकंदाला 1 मीटरने जाणाऱ्या होडीला त्याच्या चौपट. लाटेवर फळीचा वेग आणि कोन क्षणोक्षणी बदलतो, आणि खाचा तिरप्या पडल्या की फायदा आटतो. शिवाय बचत होते ती फक्त घर्षणात. लाट उठवण्यात आणि तुषार उडवण्यात जाणारी ताकद जातेच.

शार्कच्या कातडीचा दाखला जाहिरातींत हमखास असतो. हार्वर्डमधील 2012 च्या प्रयोगात खरी शार्कची कातडी लवचीक पट्टीवर लावून हलवली तेव्हा पोहण्याचा वेग 12 टक्क्यांनी वाढला; ताठ पट्टीवर तो लाभ दिसला नाही. सर्फबोर्ड ताठच असतो. गोल्फच्या चेंडूवरच्या खळग्यांचा दाखलाही इथे फारसा लागू पडत नाही. ते गोलाच्या पाठीमागचा घुसळलेल्या हवेचा पट्टा अरुंद करतात, आणि सपाट फळीमागे तसा मोठा पट्टा नसतो.

आणखी एक प्रकार जलविरोधी, म्हणजे पाणी चिकटू न देणाऱ्या लेपांचा. अळवाच्या पानावरून पाणी मोत्यासारखे घरंगळते, कारण मेणाच्या सूक्ष्म उंचवट्यांमध्ये हवा अडकलेली असते. तशी हवा फळीखाली टिकली तर पाणी खरोखर घसरेल. पण दाब आणि वेग वाढला की ती निघून जाते, आणि लेपाची गत अळवावरच्या पाण्यासारखीच होते. नुसते मेण फासून पाण्याचे थेंब वळले म्हणजे घर्षण घटले, हा समज तर चुकीचाच.

व्यवहारात अनेक कारागीर तळ बारीक पॉलिश पेपरने घासून मंद चकाकीवर सोडतात. नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुवा भागात नर्मदेच्या फुगवट्यातून गावोगाव जाणाऱ्या होड्यांना असला कोणताही लेप लावण्यापेक्षा तळाचे शेवाळ खरवडणे जास्त उपयोगी. शेवाळाने वाढणारा विरोध खाचांनी वाचणाऱ्या 8 टक्क्यांहून सहज मोठा असतो.