कुत्र्यांचे गारीगार

कुत्र्यांचे गारीगार म्हणजे उन्हाळ्यात कुत्र्याला चाटायला दिला जाणारा, घरीच गोठवलेला, बिनमिठाचा, बिनसाखरेचा आणि बिनमसाल्याचा खाऊ. कोल्हापूर भागात बर्फाच्या कांडीला गारीगार म्हणतात. सायकलला पेटी बांधून हाळी देत फिरणारा गारीगारवाला इथल्या कित्येकांच्या लहानपणात आहे. कुत्र्याचे गारीगार मात्र त्या पेटीतले नव्हे. त्यात रंग नसतो, साखर नसते आणि काडी तर मुळीच नसते. काडी चावली की तिची कुसळे घशात रुततात.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांमध्ये असतात. शरीर निववण्याचा सारा भार धापण्यावर पडतो. जीभ बाहेर काढून धापताना तोंडातला ओलावा उडतो आणि त्याबरोबर उष्णता जाते. हवा दमट असली की हा ओलावा नीट उडत नाही. म्हणून कोल्हापुरात पारा विदर्भाइतका चढत नसला, तरी वळवाच्या आधीची दुपार, आभाळ भरलेले आणि वारा पडलेला, कुत्र्याला फार जड जाते. पग, बुलडॉग अशी चपट्या नाकाची, तसेच लठ्ठ आणि म्हातारी कुत्री आधी बेजार होतात. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेले की जिवावर बेतते.

गारीगाराचा गारवा किती, याचा हिशेब आधीच करून ठेवलेला बरा. १०० ग्रॅम बर्फ वितळून त्याचे पाणी शरीराइतके कोमट होईपर्यंत सुमारे ५० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. २० किलोचे कुत्रे नुसते पडून असले तरी एवढी उष्णता अर्ध्या तासाच्या आत तयार करते. म्हणजे गारीगार हा उष्माघातावरचा उपाय नाही. त्याचा खरा उपयोग दुसरा आहे: पाणी प्यायला कंटाळणाऱ्या कुत्र्याच्या पोटात पाणी जाते आणि दुपारी अंगणात धावायच्या ऐवजी ते सावलीत एका जागी बसते. दोन पुढच्या पंजांत तुकडा धरून, मान तिरकी करून, आधी कडा चाटून गोल करणारे आणि मग घरंगळलेला तुकडा नाकाने पुन्हा ओढून घेणारे कुत्रे वीस-वीस मिनिटे त्यातच रमते.

काय गोठवावे, यावर कोल्हापुरातल्या घरात जास्त सांभाळावे लागते, कारण इथे मायेने दिले जाणारे पहिले वाडगे रश्श्याचे असते. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा दोन्ही वर्ज्य. कांदा आणि लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवल्याने हा दोष जात नाही. ‘अळणी तर आहे’ म्हणून मटणाचे अळणी पाणी दिले जाते, पण त्यातही बहुतेक घरांत आले-लसूण आणि मीठ पडलेले असते. फोडणी-वाटणाला हात लावण्याआधी चार तुकडे नुसत्या पाण्यात वेगळे शिजवावेत, हाडे काढावीत, गार झाल्यावर वर जमलेली चरबी उचलून टाकावी आणि उरलेले पाणी बर्फाच्या साच्यात ओतावे. याच्यासारखे दुसरे गारीगार नाही.

गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे धारोष्ण म्हशीचे दूध माणसाला मानवते, कुत्र्याला नाही: मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचतेच असे नाही, वर चरबीही भरपूर. त्यापेक्षा पातळ, बिनमिठाचे ताक थोडे देऊन पाहावे. कलिंगडाचा गर बिया आणि साल काढून चालतो. आंब्याचा गर चालतो, पण कोय कधीच नाही, कारण ती आतड्यात अडकते. गूळ आणि उसाचा रस टाळावा.

द्राक्षांचे वेगळे सांगायला हवे. उन्हाळ्याच्या तोंडावर तासगावकडची द्राक्षे घरोघर येतात, बेदाणे तर बारा महिने असतात. दोन्हींमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि नेमके किती दाणे बाधतील हे कुत्र्यागणिक बदलते. म्हणून एकही देऊ नये. बेदाणे किंवा चॉकलेट असलेले आइस्क्रीम, तसेच झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेले ‘शुगर-फ्री’ पदार्थ हेही विषच.

फ्रीजरमधून काढलेला टणक खडा थेट देऊ नये. जोरात चावताना वरची मोठी दाढ उभी चिरते. पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवून, नख दाबल्यावर खूण उमटू लागली की द्यावा, किंवा बर्फ चुरून द्यावा. गिळता येईल एवढा लहान तुकडा धोक्याचा. गार पाण्याने पोट फुगून पिळते ही समजूत बरोबर नाही. पण कारवानी, मुधोळसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांनी घाईघाईने ढोसणे मात्र टाळावे. असा सगळा वरखाऊ मिळून दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्शाच्या आत राहावा.

धाप थांबत नाही, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसतात, चाल अडखळते, उलटी होते, अशा वेळी गारीगार बाजूला ठेवावे. सावलीत नेऊन अंगावर, विशेषतः पोटावर आणि जांघेत, नळाचे पाणी ओतत राहावे, पंखा लावावा आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, आत उष्णता कोंडते. कुत्रे शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये.

गल्लीतल्या कुत्र्यांसाठी काही जण कारखान्यातली बर्फाची लादी फोडून टाकतात. २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर असावा असा नियम आहे. तो मासळी वगैरे गार ठेवण्यासाठी असतो, कुत्र्यासाठीही नको. या कुत्र्यांना कुंभाराकडची मातीची रुंद परळ अधिक कामाची. ती पटकन कलंडत नाही, भिंतीतून पाझरून पाणी गार राहते, आणि भिंतीच्या सावलीला ठेवली तर दुपारी दोनलाही पिण्याजोगे असते. पाणी रोज ओतून बदलावे, नाहीतर त्यात डासांची अंडी होतात.