जंगलाचं रहाटगाडगं

गेल्या मे महिन्यात नागपुरातल्या एका शाळेच्या उन्हाळी शिबिरात मी मुलांना कडुनिंबाच्या डहाळीला पारदर्शक प्लास्टिकची पिशवी बांधायला लावली. तोंड सुतळीनं घट्ट आवळलं. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. बारा वाजता पाहिलं तर पिशवी आतून धुरकट झालेली आणि खालच्या कोपऱ्यात चमचाभर पाणी साचलेलं. बाहेर ऊन असं की मैदानात पाय ठेववत नव्हता, पायाखालची माती भेगाळलेली. एका पोरीनं पिशवी उजेडात धरली आणि विचारलं, “मॅडम, हे पाणी आलं कुठून?”

मुळांतून. जमिनीत खोलवर उरलेली ओल झाड खोडातून वर खेचतं आणि पानांवरच्या बारीक छिद्रांतून वाफ करून हवेत सोडतं. पुस्तकात याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. ॲमेझॉनच्या वर्षावनातलं एखादं मोठं झाड दिवसाला शेकडो लिटर पाणी असं वर चढवतं. आपल्या पेंचचा साग उन्हाळ्यात पानं गाळून थांबतो. वर्षावन बारा महिने हिरवं असतं, म्हणून तिथलं काम थांबत नाही.

ॲमेझॉनला ‘पृथ्वीची फुफ्फुसं’ म्हणतात, पण मला ही उपमा पटत नाही. ते जंगल जेवढा ऑक्सिजन तयार करतं, जवळपास तेवढाच तिथली झाडं, बुरशी आणि जिवाणू वापरून टाकतात. मला ते रहाटगाडगं वाटतं. अटलांटिकवरून आलेली वाफ पाऊस होऊन पडते, झाडं ते पाणी पुन्हा वर उचलतात, वारा वाफ पश्चिमेकडे नेतो, तिथं पुन्हा पाऊस. एक गाडगं रितं होतं, मागचं भरून येतं. 1970 च्या दशकात एनियास सलाती या ब्राझीलच्या शास्त्रज्ञानं पावसाच्या पाण्यातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण मोजलं आणि तिथल्या पावसाचा मोठा वाटा जंगलानंच परत उडवलेल्या पाण्याचा असल्याचं दाखवलं. मधली गाडगी फुटली की पुढचं रान कोरडं पडतं. आग्नेय ॲमेझॉनमध्ये बेसुमार तोड झाली, तिथला कोरडा हंगाम अधिक कडक झाला. लुसियाना गाटी आणि सहकाऱ्यांनी 2010 ते 2018 विमानातून हवेचे नमुने गोळा केले. 2021 साली आलेला त्यांचा निष्कर्ष वाचून मी हादरले होते: तो भाग आता कार्बन शोषतो त्यापेक्षा जास्त सोडतो.

मुलांना न्यायला आलेले एक वडील हे सगळं शांतपणे ऐकत होते. म्हणाले, “बरोबर आहे जी मॅडम, पण ब्राझीलच्या जंगलाचं आम्ही नागपुरात बसून काय करावं?”

हाच खरा प्रश्न आहे. अब्ज टन कार्बनचे आकडे ऐकून कुणी जंगलासाठी उभं राहत नाही, असा माझा अनुभव आहे. जंगलाचा धागा स्वतःच्या घरापर्यंत दिसला की माणूस हलतो. केरळमधल्या सायलेंट व्हॅलीत वीज प्रकल्प येणार होता, तेव्हा बहुतेकांनी ते वर्षावन पाहिलंही नव्हतं. केरळ शास्त्र साहित्य परिषद या लोकविज्ञान संघटनेच्या शिक्षकांनी गावोगाव जाऊन लोकांना समजेल अशा भाषेत विज्ञान सांगितलं, सुगतकुमारींसारख्या कवी सोबत आल्या. प्रकल्प मागे पडला आणि 1984 मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं. इक्वेडोरमध्ये तर ऑगस्ट 2023 मध्ये थेट मतदान झालं. सुमारे 59 टक्के लोकांनी यासुनीच्या जंगलाखालचं तेल जमिनीतच राहू द्या असा कौल दिला.

विदर्भातल्या माणसाला सोयाबीन सांगावं लागत नाही, म्हणून त्या वडलांना मी सोयाबीनचीच गोष्ट सांगितली. ॲमेझॉन तोडून पिकवलेलं सोयाबीन आपल्या ताटापर्यंत येतं, हे युरोपातल्या ग्राहकांना कळलं आणि त्यांनी जाब विचारला. 2006 मध्ये मोठ्या व्यापाऱ्यांना करार करावा लागला, की नव्यानं तोडलेल्या जमिनीवरचा माल आम्ही घेणार नाही. आपल्या घरातला धागा पामतेलाचा आहे. भारत हा पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार. त्यातलं बरंचसं तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं आणि तिथं पामच्या लागवडीसाठी मोठमोठी वर्षावनं साफ झाली आहेत.

दुसऱ्या दिवशी ती पोरगी घरातली रिकामी पाकिटं घेऊन आली. बिस्किटांची, शेवेची, चिप्सची. ‘पामतेल’ किंवा ‘पामोलिन’ दिसेल तिथं तिनं लाल पेननं रेघ मारली होती. आम्ही ती फळ्यावर चिकटवली. संध्याकाळी तेच वडील आले, खिशातून चष्मा काढून एकेक पाकीट वाचत राहिले.

“मॅडम,” ते म्हणाले, “हे तेल कोणत्या जंगलाच्या जागेवरचं हाय, ते का नाही लिहीत जी याच्यावर?”