क्रिलचा समूह एक की अनेक? अंटार्क्टिकातल्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

जवळा म्हणजे काय, हे बेलापूरजवळच्या दिवाळे गावात किंवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. त्यामुळे अंटार्क्टिक क्रिलबद्दल मराठीत लिहिताना ‘जवळ्यासारखा जीव’ असं सहज लिहून टाकलं जातं. दिसण्यापुरतं ते चालेल, पण दोघांचे गण वेगळे आहेत. जवळा कोळंबीच्या बाजूचा. क्रिल त्या गणात बसतच नाही. शिवाय क्रिल सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि पाच-सात वर्षं जगतो, म्हणजे त्याच्या पिढ्या संथपणे पुढे सरकतात. जनुकांच्या हिशोबात ही संथ गती ध्यानात ठेवावी लागते.

हे टिपण ठाणे-नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्यांना समोर ठेवून लिहिलं आहे. डीएनए म्हणजे काय, पीसीआर कसा चालतो, हे त्यांना माहीत आहे असं धरलं आहे.

निमित्त 2025 च्या ऑगस्टचं. अंटार्क्टिक द्वीपकल्पापासून दक्षिण जॉर्जियापर्यंतच्या समुद्रातली क्रिलची मासेमारी हंगाम संपायच्या कितीतरी आधी बंद करावी लागली, कारण 6,20,000 टनांची मर्यादा गाठली गेली होती. असं पूर्वी कधीच घडलं नव्हतं. त्या बातम्या वाचताना एक प्रश्न पडतो: सगळा क्रिल एकाच समूहाचा असेल, तर तो कुठून पकडला याला एवढं महत्त्व कशासाठी?

मागचा इतिहास थोडक्यात. या जातीला शास्त्रीय नाव मिळालं 1850 मध्ये. 1925 पासून पाव शतक ब्रिटिश संशोधन जहाजांनी दक्षिण महासागरात जाळी टाकून तिचा विस्तार कागदावर आणला. त्या काळी नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवत, आणि फॉर्मॅलिन डीएनएची वाट लावतं. एवढा मोठा संग्रह जनुकांच्या अभ्यासाला जवळपास निरुपयोगी ठरावा, याची खरोखर हळहळ वाटते. पुढे सोव्हिएत जहाजांनी मोठ्या प्रमाणावर क्रिल उचलायला सुरुवात केली; 1981-82 च्या हंगामात पकड सव्वापाच लाख टनांवर गेली. त्याच 1982 मध्ये अंटार्क्टिकातल्या सागरी जीवांच्या जतनाचा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीमही 1981-82 चीच, आणि खास क्रिलसाठीची मोहीम ‘सागर संपदा’ जहाजावरून 1995-96 मध्ये झाली.

जनुकीय अभ्यास 1980 च्या दशकात सुरू झाला तो प्रथिनांच्या इलेक्ट्रोफोरेसिसवर, म्हणजे विजेच्या साहाय्याने प्रथिनं वेगळी करून त्यांची तुलना करण्यावर. वेगवेगळ्या भागांतल्या क्रिलमध्ये म्हणावा असा फरक सापडला नाही. 1998 मध्ये तंतुकणिकेतल्या (मायटोकॉन्ड्रियातल्या) एका जनुकाच्या आधारे वेडेल समुद्र आणि दक्षिण जॉर्जिया इथल्या नमुन्यांत फरक असल्याचं प्रसिद्ध झालं आणि वाद पेटला. 2011 च्या सुमारास मायक्रोसॅटेलाइट खुणांनी, म्हणजे डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांनी, पुन्हा ‘फरक नाही’ असं सांगितलं. 2015 मध्ये जनुकसंचभर (जीनोमभर) विखुरलेल्या हजारो खुणा तपासल्या गेल्या, तरी उत्तर तेच.

या कामात अडचणींची कमतरता नव्हती. क्रिलच्या पोटातली पाचक विकरं इतकी तीव्र की मेल्यावर काही तासांत त्याचं शरीर आतून विरघळू लागतं, त्यामुळे नमुना जहाजावरच ताबडतोब गोठवावा किंवा अल्कोहोलमध्ये टाकावा लागतो. त्यात जनुकसंच प्रचंड. 2023 मध्ये चिनी संशोधकांच्या पुढाकाराने तो जुळवला गेला तेव्हा आकार निघाला सुमारे 48 अब्ज आधारजोड्या, माणसाच्या पंधरापट. तोवर जुळवलेल्या कुठल्याही प्राण्याचा जनुकसंच एवढा मोठा नव्हता. त्यातला 92 टक्क्यांहून अधिक भाग पुनरावृत्तीचा. एकच तुकडा जनुकसंचात असंख्य ठिकाणी सापडत असेल, तर आपण दोन क्रिलांमधल्या एकाच जागेची तुलना करतोय की दोन वेगळ्या जागांची, हेच कळत नाही. जुन्या अभ्यासांतले काही विरोधाभास यातून आले असावेत, असं मला वाटतं.

त्याच 2023 च्या अभ्यासात चार ठिकाणच्या 75 क्रिलांचे जनुकसंच तपासले. भौगोलिक समूह दिसले नाहीत, पण पर्यावरणाशी जुळवून घेण्याच्या खुणा काही जागी दिसल्या. सुमारे 1 कोटी वर्षांपूर्वी संख्या घटली आणि सुमारे 1 लाख वर्षांपूर्वी ती झपाट्याने वाढली, असंही त्यातून निघालं.

आता मूळ वाद. ‘समूह एकच’ हे वाक्य वाचून ‘मग एकाच जागी पकडलं तरी बिघडत नाही’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे नीट समजून घ्यायला हवं. जनुकीय फरक पुसायला फार थोडी ये-जा पुरते. दर पिढीत मोजके प्राणी इकडून तिकडे गेले तरी दोन समूह वेगळे पडत नाहीत. पण एखाद्या खाडीतला उपसलेला क्रिल मोजक्या प्राण्यांनी भरून निघत नाही. दुसरं असं की, समूह अवाढव्य असेल तर तो दोन भागांत तुटल्यावरही फरक साठायला फार मोठा काळ लागतो. म्हणजे फरक न दिसण्याची दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात: सततची सरमिसळ, किंवा नुसती अफाट संख्या. जनुकांच्या तक्त्यात दोन्ही सारखीच दिसतात.

मासेमारीच्या नियमनाने हा प्रश्न जनुकांवर सोडला नव्हता, ते बरंच झालं. द्वीपकल्प ते दक्षिण जॉर्जिया या भागासाठी कागदावरची एकूण मर्यादा 56.1 लाख टनांची आहे. 6,20,000 हा आकडा वेगळा: प्रत्येक उपक्षेत्रात (मासेमारीसाठी या भागाचे पाडलेले चार तुकडे) पूर्वी झालेल्या सर्वोच्च पकडींची ती बेरीज, आणि उपक्षेत्रांत योग्य वाटणी ठरेपर्यंत तो ओलांडायचा नाही, असं ठरलं. 2009 मध्ये त्याचीही तात्पुरती वाटणी केली गेली. द्वीपकल्पाच्या उपक्षेत्राला 25 टक्के, म्हणजे 1,55,000 टन. इतर तीन उपक्षेत्रांना 45, 45 आणि 15 टक्के. बेरीज शंभराच्या वर जाते ती मुद्दाम, जहाजांना जागा बदलायला वाव राहावा म्हणून. हेतू साधा होता. पिल्लं वाढवणारा पेंग्विन आपल्या वसाहतीपासून फार लांब न जाता अन्न शोधतो. हजार किलोमीटरवर मुबलक क्रिल असला तरी त्याच्या उपयोगाचा नाही.

ही वाटणी 2024 मध्ये मुदत संपून गेली. 1982 च्या त्या कराराच्या सदस्य देशांचं नूतनीकरणावर एकमत झालं नाही, आणि तिथे निर्णयाला एकमत लागतं. एकूण आकडा राहिला, वाटणी गेली. पुढच्याच हंगामात जहाजं द्वीपकल्पाभोवती एकवटली आणि मर्यादा वेळेआधी भरली. माझ्या मते वाटणी जाऊ देणं ही गंभीर चूक होती. मासेमारी करणाऱ्यांचाही एक मुद्दा आहे: या भागात क्रिलचं वजन सहा कोटी टनांच्या आसपास मोजलं गेलंय, त्याच्यापुढे सहा लाख म्हणजे जेमतेम एक टक्का. हिशोब खरा आहे, पण तो संपूर्ण क्षेत्राचा आहे.

डीएनएने जुने समज तपासल्याची उदाहरणं थंड पाण्यातल्या इतर कवचधाऱ्यांचीही आहेत. उत्तरेकडच्या कॅलनस या तांदळाच्या दाण्याएवढ्या जीवाच्या दोन जाती कित्येक दशकं शरीराच्या लांबीवरून ओळखल्या गेल्या. डीएनएने दाखवलं की लांबी एकमेकींत मिसळते आणि थंड पाण्यातली मानली गेलेली जात नॉर्वेच्या फिऑर्डांत (डोंगरांमधल्या अरुंद खाड्यांत) बरीच दक्षिणेपर्यंत राहते. 2012 मध्ये कॅनडाच्या बाजूला या दोघींचे संकर आढळल्याचा दावा झाला. नंतरच्या अधिक बारकाईच्या तपासणीत संकर सापडले नाहीत. हवामानबदलाच्या नोंदी अशा जातींच्या मोजणीवर उभ्या असल्यामुळे हा प्रश्न फक्त वर्गीकरणाचा राहत नाही.

आपल्याकडची चिंबोरीही यातून सुटलेली नाही. भारतात तिच्या दोन जातींची नावं बराच काळ चुकीची लावली जात होती. गेल्या दशकात डीएनएवरून ती दुरुस्त झाली. ठाणे खाडीच्या कांदळवनात, 2022 पासून रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा) असलेल्या भागात, हेच काम हाताच्या अंतरावर करता येण्यासारखं आहे.

क्रिलच्या जनुकसंचाची माहिती सार्वजनिक कोशात खुली आहे. ऐरोलीत किंवा कळव्यात बसूनही ती उतरवून घेता येते. ताजे नमुने मात्र परवान्याशिवाय आणता येत नाहीत. भारताच्या 2022 च्या अंटार्क्टिक कायद्यात त्यासाठी तरतूद आहे.